एकतीस नंबरचा पेला

"हे काय लिहिलंय, वाच जरा," म्हणत कुंडलिक सरवदेनं कागद टूलरूमच्या खिडकीतून बाहेर सरकवला.

खिडकीबाहेर गुणाजी मेस्त्री उभा होता. पॅटर्न शॉपमध्ये ओतकामाचे लाकडी नमुने करणारा सुतार, मालवणकडचा, कुंडलिकचा सव्वीस वर्षांचा दोस्त. तो आला होता पटाशी न्यायला. हातातलं पितळी टोकन त्यानं फळीवर ठेवलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि लाल शाईतला शेरा अक्षर लावून वाचायला लागला. निम्म्यातच थांबला.

"माझा इंग्रजी सातवीतच रवला रे," तो म्हणाला. "पण लाल शाईत लिवलाहा म्हणजे काय बरा नसतला."

विक्रोळीच्या त्या कारखान्यातल्या टूलरूमची रीत साधी होती. कामगारानं आपल्या नंबरचं टोकन द्यायचं आणि हत्यार न्यायचं. हत्याराच्या रिकाम्या खिळ्यावर कुंडलिक ते टोकन अडकवायचा. वस्तू परत आली की टोकन परत. टोकन लटकतंय म्हणजे वस्तू बाहेर आहे, पण कुणाकडे आहे ते ठाऊक आहे. रिकामा खिळा दिसला तर मात्र ती गहाळ. कुंडलिकच्या भिंतीवर सव्वीस वर्षांत एकदाही रिकामा खिळा दिसला नव्हता. साधा ड्रिल बिट हरवला नाही या माणसाच्या हातून. साहेब लोक नव्या पोरांना मुद्दाम त्याची भिंत दाखवायला आणत.

अशा माणसाच्या अर्जावर लाल शाई पडली होती. अर्ज कामगारांच्या पतपेढीकडे केलेला. पैसे कुणाचे उसने मागितले नव्हते, स्वतःचीच ठेव मुदतीआधी मोडायची होती. त्याला कारण द्यावं लागे, म्हणून दिलं: 'कालकथित पत्नी मीरा हिच्या स्मरणार्थ पाणपोई. स्टीलची टाकी एक. जाड स्टीलचे पेले तीन डझन, नाव घालून.' त्याखाली पतपेढीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश सामंत यांनी लिहिलं होतं, 'एक्स्ट्रॅव्हॅगंट. नॉट रेकमेंडेड.'

जेवणाच्या सुट्टीत कुंडलिक सामंतांच्या टेबलापाशी गेला. सामंत माणूस वाईट नव्हे हो. अकाउंट्समध्ये नोकरी, पतपेढीचं काम फुकट करायचे, कामगारांची ठेव म्हणजे आपल्या घरची तिजोरी असल्यागत राखायचे. त्यांनी कुंडलिकला खुर्ची दिली आणि प्रेमानंच समजावलं. पाणपोईला दोन माठ आणि साखळीला बांधलेला एक मग पुरतो. तीन डझन जाड पेले मोकळे ठेवलेस तर महिन्याभरात भंगारवाल्याकडे दिसतील. शिवाय बायको गेली, मुलगी लग्नाची आहे, पैसा जपायचा की असा उडवायचा. कुंडलिकनं त्या शब्दाचा अर्थ विचारला. "उधळ्या रे," सामंत म्हणाले, "दुसरं काय."

उधळ्या! कुंडलिकच्या डोक्यात तिडीक गेली. मिठाईच्या पुड्याचा दोरा गुंडाळून ठेवणारा माणूस तो. एका धोतराचे पुढे पंचे आणि पंच्यांची पुढे फडकी करणारा. रागारागानं तो परत खिडकीत येऊन बसला.

आता ही पाणपोई का, आणि साखळी का नको, ते सांगायला मीराचं सांगायला हवं.

मीरा सोलापूरकडची. लहानपणी गावच्या विहिरीशी तासन् तास बसून राहायची. कुणाला दया आली की तो वरून पाणी ओतणार आणि हिनं खाली ओंजळ धरणार. पाणी म्हणजे ओंजळीतून प्यायचं, हे तिच्या हाडात इतकं मुरलं की लग्न होऊन मुंबईला आली, कन्नमवार नगरात घरात नळ आला, तरी बाई नळाखाली ओंजळच धरायची. कुंडलिकनं लग्नाच्या चौथ्या वर्षी तिच्यासाठी खास स्टीलचा पेला आणला, भांड्याच्या दुकानात त्यावर तिचं नाव घालून घेतलं. तिनं तो कपाटात ठेवून दिला. पाहुण्याला होईल म्हणाली. त्यानं चिडून सांगून पाहिलं, समजावून पाहिलं. ती हसायची आणि ओंजळ धरायची.

ती घाटकोपरच्या म्युनिसिपालिटीच्या प्रसूतिगृहात आया होती. तिच्या हाताला गुण आहे असं बायका म्हणत, म्हणून ड्यूटी संपल्यावर बाळ-बाळंतिणीच्या अंघोळीची कामंही मिळत. सत्तर साली याच सामंतांना मुलगी झाली, तेव्हा कुंडलिकच्या ओळखीनं मीरा मुलुंडला त्यांच्या घरी चाळीस दिवस गेली. सामंतांची आई कडक. बाळाला तेल लावायला, पायावर घेऊन न्हाऊ घालायला मीराचा हात चालायचा. ती गेल्यावर बाळावर दोन थेंब शिंपडले की झालं. पाण्याला मात्र गॅलरीच्या कट्ट्यावर एक कान तुटलेला कप ठेवलेला. तो तिचा. वरून पाणी ओतायचं, पिऊन झालं की तिनंच विसळून पालथा घालायचा. चाळीस दिवसांत त्या म्हातारीनं तिला नाव विचारलं नाही. 'गो बाये' म्हणायची.

मीरानं हे घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. कप बाजूला सारून ओंजळच धरली म्हणे मी, त्या कपापेक्षा माझे हात स्वच्छ. कुंडलिकला मात्र हसू आलं नाही. सामंतांना जाब विचारायचा असं त्यानं तेव्हा ठरवलं आणि विचारला नाही. नोकरी जपायची होती, पोरगी वाढवायची होती, कारणं काय, शंभर सापडतात. ती न विचारलेली गोष्ट चौदा वर्षं त्याच्या घशात बसून होती. त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरात मीरा काविळीनं गेली. भांडी आवरताना कपाटातून तो पेला निघाला, एकदाही न वापरलेला, आणि कुंडलिक तिथंच फरशीवर बसून पोरासारखा रडला.

त्या संध्याकाळी त्यानं अर्जाचा कागद मुलीपुढे टाकला. अनुपमा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती, इंग्रजी घेतलेलं. तिनं शब्द वाचला आणि सामंतांनी सांगितलेला अर्थ बरोबर आहे म्हणाली. खरं तर तिलाही तीन डझन जरा जास्तच वाटत होते. पण बापाचा चेहरा पाहून ती दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या लायब्ररीत गेली. तिथं एक जाडजूड डिक्शनरी होती, एकट्या माणसाला उचलता येऊ नये अशी. शब्द कुठून आला, पूर्वी त्याचा अर्थ काय होता, सगळं त्यात असायचं. तिनं अर्धं पान उतरवून आणलं आणि जेवण झाल्यावर वहीतून वाचून दाखवलं.

"बाबा, हा शब्द मुळात पैशाचा नाहीच. लॅटिन आहे. एक्स्ट्रा म्हणजे बाहेर, आणि पुढचं म्हणजे भटकणं. हद्दीबाहेर भटकणारा, असा अर्थ. इंग्रजीतही आधी तसाच वापरायचे. ठरलेली सीमा सोडून जाणारा माणूस. खर्चाला तो शब्द फार नंतर लागला, खर्चाचीही हद्द असते म्हणून."

कुंडलिकनं तिला ते परत वाचायला लावलं. मग सुपारी कातरायला लागला. थोड्या वेळानं त्याच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. अनुपमाला वाटलं बाप रडतोय. बाप हसत होता.

"म्हणजे सामंतानं मला आज लिहिलं हे," तो म्हणाला. "आमच्या आज्याला, बापाला तर गावानं न लिहिताच दिलं होतं. घरच हद्दीबाहेर. वेशीच्या आत आलं की गुन्हा. आणि आता खर्च केला की पुन्हा हद्दीबाहेर. एकूण काय, आम्ही कुठंही गेलो तरी एक्स्ट्रॅव्हॅगंटच."

"शब्दाचं मूळ आहे फक्त ते, बाबा. सामंतांना ते माहीतही नसेल."

"त्यांना नसू दे. मला कळलं ना." मग त्यानं तिच्याकडून पेन घेतलं आणि लाल शेऱ्याखाली आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'शेरा अर्जदारास मान्य आहे. तरी रक्कम द्यावी.'

पतपेढीची वार्षिक सभा मार्चमध्ये कॅन्टीनच्या हॉलमध्ये झाली. दरवर्षी या सभेला कुंडलिक मागच्या बाकावर बसायचा, चहा-बटाटेवडा घ्यायचा आणि जायचा. त्या वर्षी आयत्या वेळच्या विषयात तो उभा राहिला. बोलायची सवय नव्हती. त्यानं अर्ज वाचला, शेरा वाचला, शब्दाचा अर्थ सांगितला, डिक्शनरीतला सगळा, पहिला आणि नंतरचा. हॉलमध्ये कुणीतरी फिसकन हसलं. कुंडलिक तिकडे वळला.

"हसा," तो म्हणाला. "माझी बायको आयुष्यभर ओंजळीनं पाणी प्यायली. तिच्या नावाच्या पाणपोईवर कुणी ओंजळ धरणार नाही, आणि साखळीला बांधलेल्या मगानं कुणी पाणी पिणार नाही. चोर समजून कुणाला पाणी पाजायचं नसतं. पेले जातील, मला माहीत आहे. मी टूलरूमवाला आहे, वस्तू कशी जाते ते मला शिकवू नका. जाऊ देत. पैसा माझा आहे आणि हद्दही मीच ठरवणार."

सामंत चष्मा पुसत होते. मग गुणाजीनं वडा खाली ठेवला, उभा राहिला आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाला की तो सरवद्याच्या बाजूनं आहे आणि ज्याला पाणी प्यायचं नसेल त्यानं हात खाली ठेवावा. कुणाचाच हात खाली राहिला नाही. सामंतांनीही वर केला, जरा उशिरा.

एप्रिलमध्ये, बाबासाहेबांच्या जयंतीला, बसस्टॉपसमोर विहाराच्या भिंतीला लागून पाणपोई सुरू झाली. टाकीला तीन नळ. पेले असे की हातात घेतला की वजन कळावं. भांडेवाला पातळ, स्वस्त पेले दाखवत होता, कुंडलिकनं व्हर्नियर कॅलिपर नेऊन पत्र्याची जाडी मोजली आणि सगळ्यांत जाड निवडले. भांडेवाल्यानं विजेच्या पेनानं ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलं, 'मीरा कुंडलिक सरवदे, विक्रोळी', आणि खाली नंबर. त्याच्या हाताला एक खोड होती, मी-ची वेलांटी ओढताना तो थांबायचाच नाही, ती पार पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून जायची. कुंडलिकनं आधी तक्रार केली, मग राहू दे म्हणाला.

गुणाजीनं सागाची फळी करून दिली. तिच्यावर छत्तीस खुंट्या, प्रत्येकीखाली नंबर. पेले त्यांच्यावर पालथे घालायचे. पहिल्याच आठवड्यात चार खुंट्या रिकाम्या झाल्या.

गुणाजीला कोण हळहळ. निदान तळाला भोक पाडूया, घरी नेऊन उपयोग होणार नाही असं करूया, असं काहीबाही सुचवत राहिला. कुंडलिकनं ऐकलं नाही. दर आठ-दहा महिन्यांनी तो डझनभर नवे पेले आणायचा, पुढचे नंबर घालून. गुणाजी फळी वाढवायचा. गेलेल्या पेल्याच्या खुंटीवर दुसरा ठेवायला मात्र कुंडलिक द्यायचा नाही. तो नंबर त्याचा, म्हणायचा. सकाळी कामावर जाण्याआधी टाकी धुऊन भरायची, संध्याकाळी पेले राखेनं घासायचे, खुंट्या मोजायच्या. स्टॉपवरचे लोक त्याला वेडा म्हणत आणि पाणी पिऊन जात. ज्याच्या भिंतीवर कधी रिकामा खिळा दिसला नाही, त्याच्या पाणपोईवर तीन वर्षांत चाळीसावर खुंट्या रिकाम्या झाल्या.

त्या रिकाम्या खुंट्या त्याला खुपत नव्हत्या असं नाही. खुपायच्या. दरवेळी वाटायचं, गेली आणखी एक मीरा, कुठल्या भंगारात कुणास ठाऊक. एकदा तर सामंत बससाठी उभे असताना फळीकडे बघत राहिले. काही बोलले नाहीत. तेही बोलण्यातच जमा झालं.

सत्त्याऐंशीच्या मे महिन्यात कुंडलिक रिटायर व्हायचा होता. पतपेढीचं खातं बंद करायला सेक्रेटरीची सही हवी, आणि सामंत बाथरूममध्ये घसरून पाय प्लास्टरमध्ये घालून घरी बसलेले. शेवटच्या रविवारी सकाळी कुंडलिक बसनं मुलुंडला गेला. सतरा वर्षं ऐकून माहीत असलेलं घर तो पहिल्यांदा बघत होता. आधी नजर गॅलरीकडेच गेली. कट्ट्यावर आता तुळस आणि कोरफडीची कुंडी होती.

दार एका सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं उघडलं. ही लता, मीरानं पायावर घेतलेली. बाबा आंघोळ करतायत, प्लास्टर भिजू नये म्हणून वेळ लागतो, तुम्ही बसा, असं सांगून तिनं पंखा लावला आणि ट्रेमधून काचेच्या ग्लासात पाणी आणून दिलं. नक्षीचा ग्लास, पाहुण्यांचा. कुंडलिकनं तो हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

समोर खिडकीशी आरामखुर्चीत सामंतांची आई होती, वनमालाबाई. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांत मोतीबिंदू, हात सारखे थरथरणारे. त्यांच्या बाजूच्या स्टुलावर औषधाच्या बाटल्या होत्या आणि पाण्याचा एक स्टीलचा पेला.

कुंडलिकनं आधी वेलांटी ओळखली. पुढच्या अक्षराच्या डोक्यावरून गेलेली. मग उठून जवळ गेला आणि वाकून नंबर पाहिला. एकतीस. पहिल्या खेपेतला.

"कोण आसा गो?" म्हातारीनं विचारलं.

"कंपनीतले काका आहेत, आजी. बाबांकडे आलेत," लता म्हणाली. आणि तिच्या लक्षात आलं हा माणूस काय बघतोय. तिचा चेहरा एकदम उतरला. ती भरभर सांगायला लागली. विक्रोळीला मैत्रिणीकडे गेले होते, स्टॉपवर पाणी पीत होते, तेवढ्यात बस आली आणि पळताना पेला हातातच राहिला. बसमध्ये बसल्यावर कळलं. परत नेऊन देणार होते, पण आज देऊ उद्या देऊ करत राहूनच गेलं. आणि मग आजी तो सोडेना.

"कसो सोडू?" म्हातारी म्हणाली. "बाकीचे पेले हलके, माझ्या हातातसून निसटतत. ह्यो बरो जड आसा, हातात रवता. औषध ह्याच पेल्यातसून घेतंय मी." थरथरती बोटं तिनं पेल्यावरून फिरवली, कोरलेल्या ठिपक्यांवर थांबवली. "नाव लिवलाहा म्हणता ही लता. मीरा. आमच्यात मीरा कोण नाय. तुका वाचता येता मरे? कोण ही?"

आता कुंडलिकला वाटलं असतं तर तो काही न बोलता सही घेऊन निघू शकला असता. आयुष्यभर तसंच केलं होतं. चौदा वर्षं आणि वर तीन.

"मीरा कुंडलिक सरवदे, विक्रोळी," तो म्हणाला. "माझी बायको. साडेतीन वर्षं झाली, गेली. सत्तर साली या लताला तिनं चाळीस दिवस न्हाऊ घातलं, याच घरात. पाणी गॅलरीत प्यायची. तुम्ही तिला नाव विचारलं नव्हतंत."

लता आजीकडे बघत होती. हे तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, दिसतच होतं. म्हातारीची बोटं पेल्यावरच होती. ती आता काढून घेईल, लताला पेला मोरीत टाकायला सांगेल, असं कुंडलिकला वाटलं, आणि तसं झालं तर काय बोलायचं हे त्यानं मनात जुळवूनही ठेवलं.

"त्या पोरीचो हात मऊ होतो," म्हातारी म्हणाली. "ह्या लता रडायचा नाय तिच्याकडे." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "तो कप कधीच फुटलो."

तिनं पेला दोन्ही हातांनी उचलला, त्यातलं पाणी हेलकावलं, आणि तो कुंडलिकच्या दिशेनं पुढे केला. "तुझो आसा. घेवन जा."

कुंडलिकनं हात पुढे केला नाही. इतक्या वर्षांचा राग कुठं जाणार, तो होताच. पण त्याच्यासोबत आणखी काहीतरी होतं, आणि ते रागापेक्षा मोठं होतं.

"नाही," तो म्हणाला. "पाणपोईचा पेला आहे, ज्याला तहान त्याचा. राहू दे इथंच. फक्त आता नाव कळलंय तुम्हाला. औषध घेताना पेला मागाल तेव्हा नावानं मागा."

म्हातारीनं पेला मागे घेतला, तोंडाला लावला आणि सावकाश, थांबत थांबत, तळापर्यंत पाणी प्यायली. मग रिकामा पेला लताकडे धरला.

"लता, मीरा भरून ठेव गो," ती म्हणाली.

कुंडलिकनं मान वळवली आणि हातातल्या काचेच्या ग्लासातलं पाणी एका दमात पिऊन टाकलं.

सामंत कुबडीवर आले. त्यांनी आतून किती ऐकलं होतं कुणास ठाऊक, पण सही करताना त्यांनी वर पाहिलं नाही. सही झाल्यावर टोपण लावत म्हणाले, "सरवदे, तो शेरा मी खोडायला हवा होता."

"कशाला खोडता, साहेब," कुंडलिक म्हणाला. "बरोबरच होता." आणि जयभीम करून तो निघाला.

रिटायर होण्याच्या दिवशी टूलरूमचा ताबा दिला. नवा माणूस यादी घेऊन भिंतीपुढे उभा राहिला आणि एकेक खिळा तपासत गेला. दुपारपर्यंत सगळं जुळलं. शेवटी कुंडलिकची स्वतःची टोकनं जमा करायची वेळ आली. नंबर सहाशे चौदा, पितळी, मिळाली होती सहा. त्यानं फळीवर पाच ठेवली.

नव्या माणसानं पुन्हा मोजली. मग संकोचून म्हणाला की एक कमी आहे. हरवलं, कुंडलिकनं शांतपणे सांगितलं, दंड काय असेल तो हिशेबातून कापा. गुणाजी निरोपाचा हार घेऊन खिडकीशी उभा होता, तो तोंड उघडायला गेला आणि कुंडलिककडे बघून त्यानं ते मिटलं. रजिस्टरात एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा कुंडलिक सरवदेच्या नावापुढे लिहिलं गेलं, 'गहाळ: एक.'

संध्याकाळी गळ्यात हार तसाच ठेवून तो पाणपोईवर गेला. स्टॉपवर गर्दी होती, तिन्ही नळ चालू होते. त्यानं पेले घासले, पुसले आणि आपापल्या नंबरवर पालथे घातले. मग सदऱ्याच्या खिशातून टोकन काढलं, धोतराच्या सोग्यानं चकचकीत पुसलं आणि एकतीस नंबरच्या रिकाम्या खुंटीवर अडकवलं.

गुणाजी मागं उभा राहून बघत होता. अजून चाळीसभर खुंट्या रिकाम्या होत्या. त्यांच्याकडे हात करून त्यानं विचारलं, "आणि ह्येंका?"

"त्यांनाही लागतील, एकेकाचा पत्ता लागला की," कुंडलिक म्हणाला. "तू पुढची फळी कर."